सी प्वो? : इटलीतल्या हॉटेलात ‘चालेल का?’ कसं विचारायचं

आत्या पहिल्यांदा माझ्याकडे बोलोन्याला आली, तेव्हा तिला फ्लोरेन्स दाखवायला म्हणून आम्ही दोन रात्री तिथल्या एका छोट्या हॉटेलात राहिलो. सकाळी अंघोळ झाल्यावर ती ओला पंचा कुठे वाळत घालावा ते बघत होती. शॉवरच्या शेजारी वरून एक पांढरी दोरी लोंबत होती, टोकाला तांबडा मणी. आत्याला वाटलं, ही ओढली की वाळवणाची तार बाहेर येत असणार. ओढली. काही झालं नाही, म्हणून आणखी जोरात ओढली. दोन मिनिटांत रिसेप्शनवरच्या बाई धापा टाकत दारात. ‘सिन्योरा! स्ता बेने?’ म्हणजे ‘बाई, बऱ्या आहात ना?’ आत्या आतून ओरडतेय, ‘थांबा हो, साडी नेसतेय,’ आणि बाहेर त्या बाईंची समजूत अशी की आत कोणीतरी पडलंय आणि कण्हतंय.

ती दोरी धोक्याच्या घंटेची. इटलीतल्या हॉटेलांच्या बाथरूममध्ये ती हमखास असते. अंघोळ करताना कोणी घसरून पडलं तर ओढायची. हँडलसारखी दिसते, दिव्याच्या बटणासारखी दिसते, आणि आपल्या माणसांना तर वाळवणाच्या दोरीसारखीच दिसते. आत्याला तेव्हा तीन शब्द येत असते तर काम भागलं असतं: ‘आ कोझा सेर्वे?’ – हे कशासाठी आहे?

तेव्हापासून माझ्याकडे जे कोणी नातेवाईक येतात त्यांना मी विमानतळावरून घरी येईपर्यंतच्या बसमध्ये एक छोटी शिकवणी देते. तीच इथे लिहून काढली आहे. मोठ्या साखळी-हॉटेलांत इंग्रजीवर निभावतं. पण दोन-तीन तारांकित आल्बेर्गो (म्हणजे हॉटेल), घरगुती पेन्सिओने, शेतावरचे आग्रितुरिझ्मो, किंवा एखाद्या आजोबांनी वरच्या मजल्यावर चालवलेलं बी अँड बी (झोपायला खोली आणि सकाळची न्याहारी), इथे इंग्रजी दोन वाक्यांत संपतं. आणि नियम जास्त असतात ते नेमके अशाच ठिकाणी.

आधी जीभ

मराठी माणसाला इटालियन उच्चार सोपे जातात, फक्त इंग्रजी डोक्यातून काढायला हवी. इटालियन त आणि द हे आपलेच त आणि द आहेत, दातांना जीभ लावून. ‘टॅसा’ नाही, ‘तास्सा’ (कर). मुंबई-पुण्याची मुलं इंग्रजी शाळेच्या सवयीने सगळीकडे ट-ड करतात आणि समोरच्याला कळत नाही.

दुसरं, आपल्याकडे दोन प्रकारचे ‘च’ आहेत: चहातला आणि चांगल्यातला. इटालियनमध्येही दोन्ही आहेत. चांगल्यातला च मी खाली ‘त्स’ असा लिहिला आहे: ग्रात्सिए (धन्यवाद), कोलात्सिओने (न्याहारी). नुसता ‘च’ दिसला तर तो चहाचा, आणि ‘ज’ दिसला तर तो जेवणाचा. ‘झ’ मात्र झेडमधला. इंग्रजीभाषकांना हे शिकवावं लागतं, आपल्याला नाही. एक चमचा, दोन चमचे म्हणताना शेवटचा च आपोआप बदलतो की नाही? तसंच इटालियनमध्ये एक मित्र ‘आमीको’ आणि अनेक मित्र ‘आमीची’. पुढे इ किंवा ए आला की क चा पुष्कळदा च होतो.

तिसरं, जोडाक्षरावर नीट थांबायचं. भाता आणि भत्ता यांत जेवढा फरक, तेवढाच ‘सेते’ (तहान) आणि ‘सेत्ते’ (सात) यांत. सात वाजता न्याहारी मागायला जाल आणि तहान लागल्याचं सांगून याल.

मग नमस्कार, आणि तो सोडायचा नाही

इटलीत रिसेप्शनवर जाऊन थेट प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याकडे कोणाच्या घरात चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत जाण्यासारखं आहे. आधी ‘ब्वोन्जोर्नो’. दुपार कलली की ‘ब्वोनासेरा’. नेमक्या कोणत्या वेळेपासून, याबद्दल गावागावांत वेगळं मत असतं. समोरचा जे म्हणेल ते परत म्हणायचं. मग ‘स्कूझी’ (माफ करा, जरा ऐकता का), मग प्रश्न, शेवटी ‘पेर फावोरे’ (कृपया). ‘चाओ’ हा शब्द आपल्याला आधीपासून येतो म्हणून तोंडात येतो, पण तो ओळखीच्यांसाठी. अनोळखी वयस्कर मालकाला चाओ म्हणजे ‘काय रे’.

आदरार्थी बोलण्यासाठी इटालियन माणूस समोरच्याला ‘लेई’ म्हणतो. लेई म्हणजे खरं तर ‘ती’. पुरुषालासुद्धा! पण आपल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही; ‘रावसाहेबांनी बसावं, चहा घ्यावा’ असं समोर बसलेल्या रावसाहेबांनाच म्हणायची पद्धत आपल्याकडे होतीच. त्यामुळे ‘तुम्ही … करू शकाल का?’ यासाठी ‘प्वो …?’ म्हणायचं. ‘प्वोई’ म्हणालात तर ते ‘तू करशील का’ होतं. होस्टेलवरच्या विशीतल्या पोराला चालतं, बाकी ठिकाणी टाळा.

एकच वाक्य पाठ करा

सी प्वो …?

याचं अचूक मराठी भाषांतर ‘चालेल का?’ असं आहे. मी परवानगी मागतेय असं नाही, तुम्ही देताय असंही नाही. इथली रीत काय आहे, एवढंच. आपलं ‘चालतं का हो इथे?’ तंतोतंत. म्हणून मराठी माणसाने इटालियन व्याकरणाच्या नादी न लागता हे दोन शब्द घ्यावेत आणि पुढे क्रियापद लावत जावं:

सी प्वो फुमारे सुल बाल्कोने? – बाल्कनीत सिगारेट ओढली तर चालेल का?
सी प्वो मान्जारे इन कामेरा? – खोलीत जेवलं तर चालेल का?
सी प्वो स्तेन्देरे इल बुकातो? – धुतलेले कपडे वाळत घातले तर?
सी प्वो उझारे इल बोल्लितोरे? – किटली वापरली तर?
सी प्वो पागारे कोन ला कार्ता? – कार्डाने पैसे दिले तर?
सी प्वो बेरे लाक्क्वा देल रुबिनेत्तो? – नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का?

क्रियापदही आठवलं नाही तर वस्तूकडे बोट दाखवून, भुवया उंचावून, नुसतं ‘सी प्वो?’ म्हणायचं. आत्या आता एवढ्यावर अख्खी इटली फिरते.

स्वतःपुरतं काही विचारायचं असेल तर ‘पोस्सो …?’ म्हणजे ‘मी … करू का?’ आणि ‘करावंच लागेल का?’ यासाठी ‘देवो …?’ हा शब्द विसरायला होणार नाही. देवापुढे जे करावंच लागतं ते देवो. ‘देवो पागारे ओरा?’ – आत्ताच पैसे द्यायला हवेत का?

उत्तर कळलं नाही तर प्रश्न फुकट

वाक्यांच्या पुस्तिकांमध्ये प्रश्न भरपूर असतात. तुम्ही छान उच्चारात प्रश्न विचारता, समोरच्याला वाटतं तुम्हाला भाषा येते, आणि तो तीस सेकंदांचं उत्तर मशीनगनसारखं सोडतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो-नाही किंवा एका आकड्यात यावं, आणि पुढचे सात-आठ प्रकार कानाला ओळखीचे करून ठेवायचे.

‘चेर्तो’ म्हणजे अर्थातच. ‘प्रेगो’ म्हणजे घ्या ना, या ना, बसा ना, काहीही. ‘नोन सी प्वो’ – चालत नाही. ‘ए व्येतातो’ – बंदी आहे. ‘पुर्त्रोप्पो नो’ – नाही हो, वाईट वाटतं पण नाही. ‘मी दिस्प्याचे’ ऐकलंत की पुढचं ऐकायची गरज नाही, तेही नाहीच. ‘दिपेन्दे’ – ते अवलंबून आहे. कशावर, ते आता तो सांगेल.

आणि एक फसवं उत्तर: ‘मेल्यो दी नो’. शब्दशः ‘नको, तेच बरं’. आवाज इतका गोड असतो की आपल्याला वाटतं सल्ला देतायत, ऐकलं नाही तरी चालेल. नाही. हा नकारच आहे. आपल्या काकूंचं ‘बघा बाई, तुमची मर्जी’ जसं असतं तसा.

कळलं नाही तर लाजू नका. ‘नोन ओ कापीतो’ (कळलं नाही). ‘प्यू लेन्तामेन्ते, पेर फावोरे’ (जरा हळू). आणि या सगळ्यांपेक्षा उपयोगी: ‘मे लो प्वो स्क्रीवेरे?’ – लिहून देता का? दाराचा कोड, वाय-फायचा पासवर्ड, न्याहारीची वेळ, करातले युरो, हे सगळं कागदावर घ्यायचं. आकडे ऐकून लक्षात ठेवणं ही परक्या भाषेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. मला इतकी वर्षं राहूनही मोजताना मराठीच सुचतं.

पोचल्यावर: पासपोर्ट आणि कर

काउंटरवर पहिला शब्द ऐकू येईल ‘दोकुमेन्ती’. प्रत्येकाचा पासपोर्ट, मुलांचाही. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा पासपोर्ट हातातून सोडेनात. हॉटेलवाला संशयी नसतो. इटालियन कायद्याप्रमाणे प्रत्येक पाहुण्याची नोंद त्याला २४ तासांच्या आत पोलिसांकडे पाठवावी लागते. छोटं बी अँड बी असलं तरीही. नोंद करून पासपोर्ट परत मिळतो, पण गर्दीच्या वेळी ‘नंतर घेऊन जा’ म्हणतात. तेव्हा विचारायचं: ‘क्वान्दो पोस्सो रिप्रेन्देरे इल पास्सापोर्तो?’ – पासपोर्ट परत कधी नेऊ?

याच नोंदीमुळे आणखी एक नियम येतो, जो आपल्या लोकांना जड जातो. मिलानला शिकणारा भाचा संध्याकाळी मामा-मामींना भेटायला हॉटेलवर येतो आणि रिसेप्शनवरून त्याला वर सोडत नाहीत. ज्याची नोंद नाही तो खोलीत नको, असं त्यांचं म्हणणं. आधी विचारा: ‘पोस्सो फार सालीरे मीओ निपोते?’ – माझ्या भाच्याला वर नेऊ का? (निपोते म्हणजे भाचा, पुतण्या आणि नातू, सगळं एकच. आपल्याला हे फार गरीब वाटतं.) बऱ्याचदा त्याचं ओळखपत्र ठेवून घेतात आणि सोडतात. रात्री मुक्काम मात्र ‘मेल्यो दी नो’.

आता कर. ‘तास्सा दी सोज्जोर्नो’ म्हणजे मुक्काम-कर. तो नगरपालिकेचा असतो, शहराप्रमाणे आणि हॉटेलच्या तारांप्रमाणे बदलतो, आणि ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत बहुतेक वेळा धरलेला नसतो. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून तीन-तारांकित हॉटेलात माणशी एका रात्रीला ६ युरो, चार-तारांकितमध्ये ७.५० आणि पंचतारांकितमध्ये १० युरो असा दर लागू झाला. दहा वर्षांखालच्या मुलांना माफी, आणि सलग दहा रात्रींपर्यंतच आकारणी. चार मोठी माणसं तीन रात्री तीन-तारांकित हॉटेलात राहिली तर ७२ युरो झाले, हिशेबात न धरलेले. निघताना हे कळलं की भांडण होतं, आणि भांडण रिसेप्शनवरच्या ज्या मुलाशी होतं त्याचा त्यात काडीचा दोष नसतो. म्हणून आल्याआल्याच:

ला तास्सा दी सोज्जोर्नो ए इन्क्लूझा? – मुक्काम-कर धरलाय का?
क्वान्तो आ तेस्ता? – माणशी किती? (तेस्ता म्हणजे डोकं. डोई किती, असंच.)
इन कोन्तान्ती? – रोख द्यायचा का?
मी फा ला रिचेवूता? – पावती देता का?

छोट्या ठिकाणी हा कर रोखीतच मागतात, तेव्हा सुटे युरो जवळ असू द्या. ‘काउत्सिओने’ हा शब्द ऐकलात तर ती अनामत, परत मिळणारी. ‘कापार्रा’ म्हणजे विसार. बेत रद्द केलात तर ती बहुतेक गेलीच.

वेळा

इटलीतले नियम बहुतेक घड्याळाचे असतात. खोली सोडायची वेळ साधारण दहा किंवा अकरा. छोट्या हॉटेलांत दुपारी रिसेप्शनच बंद. रात्रीचं इमारतीचं मोठं दार, ‘पोर्तोने’, ठरावीक वेळी बंद होतं आणि मग कोड किंवा वेगळी किल्ली लागते. सांगण्याची पद्धत चोवीस तासांची, त्यामुळे रेल्वेच्या वेळापत्रकाची सवय असलेल्यांना त्रास नाही.

आ के ओरा देवो लाशारे ला कामेरा? – खोली किती वाजता सोडायची?
फीनो आ के ओरा? – किती वाजेपर्यंत?
आ के ओरा क्यूदे इल पोर्तोने? – मोठं दार किती वाजता बंद होतं?
चे उन ओरारियो दी रिएन्त्रो? – रात्री परत येण्याची काही वेळ ठरलेली आहे का?

हा शेवटचा प्रश्न रोममध्ये फार महत्त्वाचा. तिथे ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठांनी चालवलेली अतिथिगृहं असतात, ‘कासे पेर फेरिए’ म्हणतात त्यांना. स्वच्छ, शांत, मध्यवर्ती, आणि आपल्याकडच्या भक्तनिवासाची आठवण करून देणारी. माझी पहिली पसंती तीच. पण त्यांतल्या अनेकांत रात्री अकराच्या सुमारास दार लागतं. रोममध्ये लोक जेवायलाच साडेआठनंतर बसतात, तेव्हा हिशेब आधी करा.

उत्तरात तीन छोटे शब्द ऐका. ‘एन्त्रो ले द्येची’ म्हणजे दहाच्या आत. ‘दोपो ले द्येची’ म्हणजे दहानंतर. ‘दाल्ले सेत्ते आल्ले द्येची’ म्हणजे सात ते दहा. आमच्या एका काकांनी ‘एन्त्रो’ ऐकून इंग्रजीतल्या एन्ट्रीचा अर्थ लावला, दहानंतर खोलीत प्रवेश मिळतो असं समजून निवांत अंघोळीला गेले, आणि सफाईवाल्या बाई चादरी घेऊन आत आल्या.

खोली सोडली आणि गाडी संध्याकाळची असेल तर: ‘पोस्सो लाशारे ई बागाल्यी?’ – सामान ठेवू का? याला क्वचितच नाही म्हणतात.

खोलीत

सिगारेटचं सोपं आहे. जानेवारी २००५ पासून इटलीत बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा खोलीत बहुधा नाहीच. मिलानने १ जानेवारी २०२५ पासून बाहेर रस्त्यावरही, दुसऱ्या माणसापासून दहा मीटर अंतर नसेल तर, बंदी घातली आहे.

खाण्याचं अवघड आहे. मराठी कुटुंब युरोपला निघतं तेव्हा एका बॅगेत थेपले, मेतकूट, खिचडीची पाकिटं आणि एक छोटी विजेची शेगडी असते. खोलीत डबा उघडून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. शिजवायला मात्र हॉटेलात सर्रास बंदी असते, आणि फोडणीचा धूर झाला तर आगीचा भोंगा वाजतो. शिजवायचंच असेल तर बुकिंगच्या वेळीच ‘आन्गोलो कोत्तूरा’, म्हणजे ओट्याचा कोपरा, असलेली जागा शोधा. तिथे मग: ‘सी प्वो कुचिनारे?’

आणि तिथेही एक गोम आहे. इटलीतल्या साध्या घराला बहुतेक वेळा तीनच किलोवॅटचं वीजजोड असतं. दोन किलोवॅटची किटली, वर एसी, त्यात कोणी कपडे धुवायचं यंत्र लावलं की खट्. अंधार. घाबरायचं नाही, मालकाला फोन करून म्हणायचं, ‘ए साल्ताता ला कोर्रेन्ते’ (वीज उडाली), आणि विचारायचं, ‘दोवे इल कोन्तातोरे?’ – मीटर कुठे आहे? तो कधीकधी तळमजल्यावर असतो, म्हणून दिवसाउजेडी बघून ठेवलेला बरा. आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या भिंतीत जात नाही. ‘चे उन आदात्तातोरे?’ विचारून बघा, विसरून गेलेल्या पाहुण्यांचे अडॅप्टर रिसेप्शनच्या खणात पडलेले असतात.

अशा घरगुती जागेत कचराही वर्गवारीने टाकायचा असतो, आणि यात शेजारी फार कडक. ‘दोवे सी बुत्ता लूमिदो?’ – ओला कचरा कुठे टाकायचा? ‘ऊमिदो’ ओला, ‘कार्ता’ कागद, ‘वेत्रो’ काच, ‘प्लास्तिका’ तुम्हाला कळलंच, आणि कशातच न बसणारा ‘इन्दिफ्फेरेन्त्सियातो’. हा शेवटचा शब्द उच्चारता आला की नागरिकत्व द्यायला हरकत नाही.

थंडीत हीटर चालू होत नसेल तर तो बिघडलाय असं लगेच समजू नका. रहिवासी इमारतींत सामायिक हीटर कधी चालू करायचा याच्या तारखा हवामानपट्ट्यांप्रमाणे ठरवून दिलेल्या आहेत: मिलान, बोलोन्याकडे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, रोम आणि फ्लोरेन्सला १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीच्या सुटीत रोमला आलेल्या पाहुण्यांना नेमकं हेच भोवतं. वाद घालून उपयोग नाही. ‘पोस्सो आवेरे ऊना कोपेर्ता इन प्यू?’ – एक जास्तीचं पांघरूण मिळेल का?

बाथरूममध्ये कमोडशेजारी दुसरं बुटकं भांडं दिसेल, ते ‘बिदे’. पाण्याने धुण्यासाठीच आहे. युरोपभर कागदावर दिवस काढलेल्या माणसाला इटलीत पोचल्यावर हायसं वाटतं ते यामुळे. त्यात पाय धुतले तरी कोणी रागावत नाही, मात्र कपडे भिजत घालू नका. आणि जाता जाता: कमोडला इटालियन लोक ‘वातेर’ म्हणतात, इंग्रजीतल्या वॉटर क्लोझेटवरून. प्यायचं पाणी हवं असेल तर ‘आक्क्वा’ म्हणा.

पोहण्याचा तलाव असेल तर एक प्रश्न: ‘ला कूफ्फिया ए ओब्ब्लिगातोरिया?’ – डोक्याला टोपी सक्तीची आहे का? इटलीत बहुतेक ठिकाणी असते, टक्कल असलं तरी. टी-शर्ट घालून उतरणं चालत नाही.

न्याहारी

‘कोलात्सिओने’ सात-साडेसातला सुरू, दहाला बंद, आणि बरीचशी गोड. शाकाहारी असाल तर पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’, बाईने ‘सोनो वेजेतारियाना’. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण काहींच्या मते शाकाहारात मासे आणि हॅम बसतात. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ऊओवा’: मांस, मासे, अंडी वगळून. खारट पाव-बिस्किटांत डुकराची चरबी असू शकते; ‘चे लो स्त्रूत्तो?’ विचारा. पहाटे निघायचं असेल तर ‘सी प्वो आवेरे ला कोलात्सिओने आल साक्को?’ – न्याहारी बांधून मिळेल का? मांडलेल्या टेबलावरून न विचारता पर्समध्ये केळी घालणं मात्र नको. बघतात. बोलत नाहीत, पण बघतात.

गाडी भाड्याने घेतली असेल तर हे आधी वाचा

फ्लोरेन्स, रोम, पिसा, बोलोन्या अशा शहरांच्या जुन्या भागात ‘झेड-टी-एल’ असतं, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा पट्टा. इटालियन अक्षरांत ‘झेता-ती-एल्ले’. वेशीवर कॅमेरा. परवान्याशिवाय गाडी आत गेली की दंड, आणि परदेशातल्या माणसाला तो ३६० दिवसांपर्यंत कधीही पाठवता येतो. गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे त्याआधीच कार्डातून कापून घेते.

हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर बऱ्याच शहरांत ते तुमच्या गाडीचा नंबर नोंदवून सामान उतरवण्यापुरती सूट मिळवून देऊ शकतं. मात्र विचारायला हवं, आणि शहरात शिरण्यापूर्वी फोन करून विचारलेलं उत्तम: ‘लाल्बेर्गो ए नेल्ला झेता-ती-एल्ले? प्वो रेजिस्त्रारे ला तार्गा?’ – हॉटेल त्या पट्ट्यात येतं का? गाडीचा नंबर नोंदवाल का? नंबर लिहूनच द्या.

वेशीवरच्या दिव्यांच्या पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं तर आत जायचं नाही. वार्को म्हणजे वेस, आत्तीवो म्हणजे चालू. वेस चालू आहे, तर आपल्यालाही चालू असणार, असं समजून आमच्या ओळखीचं एक जोडपं एकाच संध्याकाळी तीनदा आत-बाहेर करून आलं. चालू असतो तो कॅमेरा.

दारामागचा कागद

खोलीच्या दारामागे एक छापील कागद असतो: ‘रेगोलामेन्तो’, नियमावली. पुणेरी पाट्यांवर वाढलेल्या माणसाला हा वाचताना घरच्यासारखं वाटेल, फरक इतकाच की सुरुवात फार मिठ्ठास असते. ‘जेन्तीले ओस्पिते’, प्रिय पाहुणे. (ओस्पिते म्हणजे पाहुणाही आणि यजमानही, कोण कोणाचा हे बिलावरून कळतं.) मग ‘सी प्रेगा दी…’, म्हणजे कृपया. ‘सी प्रेगा दी नोन…’ म्हणजे कृपया करू नये. तिसऱ्या-चौथ्या ओळीत सूर बदलतो आणि ‘ए व्येतातो’ येतं. ‘सेवेरामेन्ते व्येतातो’ दिसलं की समजावं, पूर्वी कोणीतरी हे केलेलं आहे.

‘सिलेन्त्सिओ दाल्ले २३ आल्ले ७’ : रात्री अकरा ते सकाळी सात शांतता. ‘रिलाशो कामेरा एन्त्रो ले ओरे १०’ : खोली दहाच्या आत सोडावी. ‘काम्बियो ब्यान्केरिया’ : चादरी-टॉवेल बदलण्याचे दिवस, टॉवेल जमिनीवर टाकला तर बदला, टांगला तर राहू द्या, असा संकेत बहुतेक ठिकाणी असतो. आणि तळाशी नेहमीचं ‘ला दिरेत्सिओने देक्लीना ओन्यी रेस्पोन्साबिलिता’, व्यवस्थापन कसलीही जबाबदारी घेत नाही. हे दागिने आणि रोकड यांबद्दल असतं. कपाटातल्या ‘कास्साफोर्ते’त, म्हणजे तिजोरीत, ठेवा.

कागदाचा फोटो काढून भाषांतराच्या अॅपला दिला तरी चालतो, पण अॅप ‘एन्त्रो’ आणि ‘दोपो’ नीट सांगतं का ते स्वतः ताडून बघा.

निघताना

पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीच हिशेब मिटवा: ‘पोस्सो पागारे स्तासेरा?’ – आज रात्रीच पैसे देऊ का? आणि ‘दोवे लाशो ला क्यावे?’ – किल्ली कुठे ठेवू? उत्तर ‘सुल तावोलो’ (टेबलावर) किंवा ‘नेल्ला कास्सेत्ता’ (पेटीत) असं येईल. पेटी बहुधा मोठ्या दाराच्या बाहेरच्या बाजूला असते. किल्ली आत पडली आणि पोर्तोने मागे बंद झालं की परत आत जायचा मार्ग नाही, बेल वाजवली तरी पहाटे चार वाजता कोणी उठत नाही. तेव्हा किल्ली टाकण्याआधी सगळे जिन्याखाली आलेत ना, सगळ्यांचे पासपोर्ट हातात आहेत ना, आणि चार्जर भिंतीत राहिला नाही ना, ते बघा. बाथरूममधला पंचाही.